लहान मुलांना घेऊन प्रवास आणि मुलांची वाढ: सोलापूरच्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

जुळे सोलापूरमध्ये राहणाऱ्या एका आईने विचारलेला हा प्रश्न आहे. मोठी मुलगी सात वर्षांची, धाकटा मुलगा अडीच वर्षांचा. गेल्या मे महिन्यात हे कुटुंब स्वतःच्या गाडीने पंढरपूर, कऱ्हाड, पाटण करत कुंभार्ली घाटाने गुहागरला गेले होते. घाटात मुलीला तीनदा उलटी झाली, दुसऱ्या दिवसापासून धाकट्याला जुलाब सुरू झाले आणि पाचपैकी तीन दिवस खोलीतच गेले. परत आल्यावर धाकट्याचे वजन चारशे ग्रॅमने कमी भरले. यंदा सासूबाईंचे म्हणणे असे, की मुले जरा मोठी होईपर्यंत कुठे जाऊ नये. नवऱ्याचे म्हणणे असे, की अडीच वर्षांच्या मुलाला प्रवासातले काय आठवणार आहे, मग एवढा खर्च आणि त्रास कशासाठी? या दोन्हींच्या जोडीला आईची स्वतःची एक काळजी आहे. मुलीची उंची गेल्या वर्षी १११ सेंटीमीटर होती आणि आता ११६ आहे, पण तिच्याच वयाची चुलतबहीण तिच्यापेक्षा चार बोटे उंच दिसते. प्रवास, आजारपण आणि बाहेरचे खाणे यांमुळे मुलांची वाढ मागे पडते का, आणि यंदा जावे की न जावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी सोलापुरात एकोणतीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. उत्तर आधी सांगते आणि कारणे नंतर: जरूर जा, मात्र गेल्या वर्षीसारखा प्रवास करू नका. मुले लहान असेपर्यंत जवळ जा, थोड्या वेळासाठी जा आणि शक्य असेल तर पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी जा. मुलीच्या उंचीबद्दल तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून मला तरी काळजीचे काही दिसत नाही.

आधी वाढीबद्दल लिहिते, कारण प्रश्नाचा रोख प्रवासावर असला तरी मनातली भीती तिथे आहे. मूल जन्मते तेव्हा साधारण ५० सेंटीमीटर लांब असते आणि पहिल्याच वर्षात ते सुमारे २५ सेंटीमीटर वाढते. दुसऱ्या वर्षात ही वाढ निम्म्यावर, म्हणजे बारा सेंटीमीटरच्या आसपास येते. चार वर्षांचे मूल साधारण एक मीटर उंच असते, आणि तिथून वयात येण्याच्या सुमारापर्यंत ते वर्षाला पाच ते सहा सेंटीमीटर वाढत राहते. पहिल्या दोन वर्षांत दर महिन्याला झबले तोकडे होताना पाहण्याची सवय झालेल्या आईला ही पुढची संथ वाढ म्हणजे वाढ थांबल्यासारखी वाटते. तुमची मुलगी वर्षाला पाच सेंटीमीटर वाढली आहे आणि सातव्या वर्षी हीच वाढ अपेक्षित असते. चार वर्षांनंतर आणि वयात येण्यापूर्वी एखादे मूल वर्षाला चार सेंटीमीटरपेक्षाही कमी वाढत असेल, किंवा वाढीच्या तक्त्यावर आजवर ज्या रेषेच्या जवळून ते चालले होते ती रेषा सोडून खाली खाली येऊ लागले असेल, तर तपासणी करावी लागते. त्यासाठी निदान सहा महिन्यांच्या, शक्यतो वर्षाच्या अंतराने केलेली दोन मोजमापे हातात असावी लागतात. एका मोजमापाने मूल किती उंच आहे एवढेच कळते, ते कसे वाढते आहे हे कळत नाही.

चुलतबहिणीशी तुलना करण्यापेक्षा स्वतःच्या घरातली उंची पाहा. वडिलांच्या उंचीतून १३ सेंटीमीटर वजा करायचे, आलेल्या आकड्यात आईची उंची मिळवायची आणि बेरजेचे निम्मे करायचे, की मुलीच्या मोठेपणच्या उंचीचा ढोबळ अंदाज येतो. मुलाच्या बाबतीत हेच १३ सेंटीमीटर आईच्या उंचीत मिळवायचे असतात. समजा वडील १६८ आणि आई १५४ सेंटीमीटर असेल, तर मुलीचा अंदाज १५४.५ सेंटीमीटरच्या आसपास येतो आणि त्याच्या सहा ते आठ सेंटीमीटर वर किंवा खाली जाणे स्वाभाविक असते. चुलतबहिणीची आई वेगळी असते, हे आपण तुलना करताना विसरतो. शिवाय काही मुली नऊ-दहाव्या वर्षीच झपाट्याने वाढू लागतात, तर काही बाराव्या वर्षी. त्या दोन-तीन वर्षांत दिसणारा फरक पुढे बऱ्याच अंशी भरून निघतो.

मोजण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या काळज्या चुकीच्या मोजमापातून जन्माला आलेल्या असतात. मुलाला अनवाणी, सपाट फरशीवर, भिंतीला टेकून उभे करावे. टाचा, पार्श्वभाग आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लागलेली असावी, नजर समोर सरळ असावी. मुलगी असेल तर वर बांधलेला अंबाडा किंवा हेअरबँड काढावा. मग डोक्यावर फूटपट्टी ठेवण्याऐवजी एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक उभे धरून, त्याची एक कड भिंतीला आणि दुसरी डोक्याला चिकटवून, पुस्तकाच्या खालच्या कडेपाशी पेन्सिलीने खूण करावी. मोजण्याची वेळ दर वेळी एकच ठेवावी. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबत असल्यामुळे सकाळची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटीमीटरपर्यंत जास्त भरते, आणि वर्षाला पाच सेंटीमीटर वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत एक सेंटीमीटर म्हणजे अडीच महिन्यांची वाढ आहे. धाकट्याबद्दलही अशीच एक शंका तुमच्या मनात येऊ शकते, म्हणून लिहून ठेवते. दोन वर्षांपर्यंत मुलाची लांबी झोपवून मोजतात आणि नंतर उभे करून, आणि उभ्याने मोजलेला आकडा जवळजवळ पाऊण सेंटीमीटरने कमी येतो. मूल आखडले, असे समजून रडवेल्या झालेल्या आया मी पाहिल्या आहेत.

धाकट्याचे वजन चारशे ग्रॅमने घटले ते जुलाबांमुळे, आणि त्यातला बराचसा भाग शरीरातल्या पाण्याचा होता. या वयात मूल वर्षभरात दोन ते अडीच किलो वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम दोनशे ग्रॅम. त्यामुळे चार दिवसांच्या आजारपणात महिना-दोन महिन्यांची कमाई वजनकाट्यावर पुसली जाते आणि आईचे काळीज हलते. पण जुलाब थांबून भूक परत आली, की मूल काही आठवड्यांत ती भर काढते. एखाद्या प्रवासातल्या एखाद्या आजारपणाने वाढ खुंटत नाही. वारंवार होणारे जुलाब, महिनोन् महिने अपुरे खाणे आणि अपुरी झोप यांनी ती खुंटते. मग प्रवासाला दोष द्यायचा की प्रवास ज्या पद्धतीने केला तिला?

गेल्या वर्षीच्या तुमच्या प्रवासात नेमके काय झाले असावे, याचा मला अंदाज आहे, कारण अगदी तशीच चूक मी स्वतः केली आहे. माझी मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही कोकणात निघालो होतो. सकाळची रुग्णसेवा आटोपून, दुपारचे पोटभर जेवण करून, मे महिन्याच्या उन्हात गाडी काढली. मुलीला कंटाळा येऊ नये म्हणून चित्रांची पुस्तके मागच्या सीटवर ठेवली होती. घाट सुरू झाला तेव्हा ती मान खाली घालून चित्रे पाहत होती. पहिली उलटी झाल्यावर मी गाडी थांबवली नाही, कारण अंधार पडण्याआधी घाट उतरायचा होता, आणि तिसऱ्या उलटीनंतर मी तिच्यावर रागावले. ती ओल्या फ्रॉकमध्ये खिडकीला टेकून इतकेच म्हणाली, “आई, आपण घरीच बरे होतो.” त्यानंतर दोन वर्षे आम्ही कुठेही गेलो नाही. ती दोन वर्षे मला परत मिळणार नाहीत, आणि म्हणूनच ‘मुले मोठी होईपर्यंत थांबा’ हा सल्ला मी कोणाला देत नाही.

गाडी लागते याचे कारण पोटात नसून कानात असते. अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगत असतो, की शरीर वळणे घेत आहे, आणि पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे सांगत असतात, की सगळे स्थिर आहे. या परस्परविरोधी निरोपांमुळे मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालील मुलांना गाडी क्वचितच लागते, पुढे हा त्रास वाढत जातो, सहा-सात ते बारा वर्षांच्या दरम्यान तो सर्वांत जास्त असतो आणि मग बहुतेकांचा आपोआप कमी होतो. म्हणजे तुमची मुलगी नेमकी त्या वयात आली आहे आणि तिचा त्यात काही हट्ट किंवा नाजूकपणा नाही. शिवाय आपल्या सोलापूरच्या मुलांचा सगळा प्रवास सपाट माळरानावरून होत असल्यामुळे कुंभार्लीसारखा घाट त्यांच्या शरीराला एकदम नवा असतो. माझ्या माहितीतल्या कुटुंबांना मी सांगते, की मोठ्या घाटाआधी तुळजापूरचा छोटा घाट करून पाहा. सोलापूरहून तुळजापूर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर आहे, वळणे थोडीच आहेत, आणि दर्शन घेऊन दुपारच्या आत घरी येता येते. मुलीला कुठे बसवले की बरे वाटते, काय खाऊन निघाले की मळमळत नाही, हे त्या अर्ध्या दिवसात कळते.

निघण्याच्या दोन तास आधी हलके खाणे द्यावे. पोट अगदी रिकामेही नसावे आणि तेलकट, तुडुंब भरलेलेही नसावे. मुलीला मागच्या सीटवर मधोमध, पट्टा लावून, समोरच्या काचेतून दूरचा रस्ता दिसेल अशी बसवावी. मोबाइल आणि पुस्तक दोन्ही बंद. खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि गाडीत उग्र वासाचे अत्तर टांगू नये. तोंडाला पाणी सुटले, ती गप्प झाली, चेहरा पांढरा पडला किंवा सारख्या जांभया येऊ लागल्या, तर उलटीची वाट न पाहता गाडी कडेला थांबवून तिला पाच मिनिटे पायी चालवावे. उलटीनंतर लगेच पाणी पाजण्याची घाई करू नये. दहा मिनिटे थांबून मग चमचा-चमचा सुरू करावे. एवढे करूनही त्रास झालाच तर निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायचे औषध असते, पण त्याची मात्रा वजनाप्रमाणे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. यातले प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलाला अजिबात द्यायचे नसते, आणि मोठ्या मुलांनाही त्याने बराच वेळ गुंगी राहते.

धाकट्याला मात्र कोणाच्याही मांडीवर घेऊन पुढे बसू नका. या बाबतीत मी आग्रही आहे आणि त्यात सवलत देत नाही. साधारण वेगातली गाडी अचानक थांबली, तरी बारा किलोच्या मुलाला हातांनी धरून ठेवणे कोणाच्याही ताकदीबाहेरचे असते, आणि पुढे बसलेल्या लहान मुलाला एअरबॅगनेच जिवावरची इजा होऊ शकते. त्याच्यासाठी मागच्या सीटवर बसणारी, त्याच्या वजनाला योग्य अशी बालआसनाची व्यवस्था करावी. गावात दुचाकीवरून नेतानाही नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी शिरस्त्राण आणि चालकाला बांधलेला सुरक्षापट्टा आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये हा नियम काढला. सात रस्त्यावरून टाकीवर उभे केलेले मूल घेऊन जाणारे बाबा मला आजही दिसतात, आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

आता जुलाबांकडे येते. प्रवासात मुलाला जुलाब होतात ते मुख्यतः पाण्यातून, कापून ठेवलेल्या फळांतून, बर्फातून आणि न धुतलेल्या हातांतून. सासूबाईंना ‘बाहेरचे बाधते’ असे वाटते, त्यात पुष्कळ तथ्य आहे, आणि त्यावरचा उपायही त्यांच्याच हातात आहे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे, केळी आणि घरून नेलेले मेतकूट एवढ्यावर पहिले दोन दिवस मुलांचे व्यवस्थित भागते. आपल्याकडची कडक भाकरी तर अनेक दिवस टिकते. मुलीला ती शेंगाचटणी आणि दह्याबरोबर आवडेल, धाकट्याला मात्र ती दुधात किंवा वरणात मऊ करून द्यावी. त्याला आख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. या वयात ते घशात, श्वासनलिकेत अडकतात, आणि चालत्या गाडीत अडकले तर हाताशी कोणी नसते. मुक्कामी पोहोचल्यावर समोर गरम वाफाळलेला भात आणि वरण मिळत असेल तर तेच घ्यावे. पाणी उकळलेले किंवा सीलबंद असावे, आणि दात घासायलाही तेच वापरावे.

पिशवीत ओआरएसची पुडी असणे कपड्यांपेक्षा महत्त्वाचे आहे. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते आणि ती पूर्णच्या पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायची असते. पुष्कळ आया ग्लासभर पाण्यात थोडी पावडर अंदाजाने टाकतात. तसे केल्याने क्षार जास्त झाले तर मुलाला अपाय होतो आणि कमी झाले तर उपयोग होत नाही. लहान पुडी दोनशे मिलिलिटरसाठी येते, आणि प्रवासात तीच सोयीची पडते. एकदा बनवलेले द्रावण २४ तासांच्या आत संपवावे आणि उरलेले टाकून द्यावे. दुकानात फळांच्या चवीची जी गोड पेये तहान भागवण्यासाठी म्हणून मिळतात, ती ओआरएसच्या जागी देऊ नयेत, कारण त्यांतल्या जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे वाचून घ्यावे. प्रत्येक पातळ शौचानंतर अडीच वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप, घाई न करता पाजत राहावे, आणि खाणे बंद करू नये. जुलाब झाल्यावर सहा महिन्यांपुढच्या मुलाला चौदा दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त (झिंक) द्यायचे असते. जुलाब चौथ्या दिवशी थांबले म्हणून तेही थांबवू नये. शौचात रक्त दिसले, उलटी हिरवी झाली, मूल मलूल पडले किंवा सहा ते आठ तास लघवी झाली नाही, तर पुढचा कार्यक्रम सोडून जवळच्या डॉक्टरांकडे जावे.

मे महिन्यातल्या आपल्या उन्हाबद्दल सोलापूरकरांना मी काय सांगावे? पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा सकाळी अकरा ते चार या वेळात मूल रस्त्यावर असू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ आहे. पहाटे पाचला निघा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत मुलाला दोन मिनिटांसाठीसुद्धा एकटे ठेवू नका, ती गाडी काही मिनिटांत भट्टी होते.

आणि गाडीच कशाला? लहान मुलांच्या दृष्टीने रेल्वेइतका चांगला प्रवास दुसरा नाही. उठता येते, चालता येते, शौचालय असते, आणि वळणे जवळजवळ नसल्यामुळे गाडीही फारशी लागत नाही. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघाले, की मुले झोपेतच मुंबईकडे जातात. पुण्याला जायचे तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहे. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, मात्र पाच ते बारा वयाच्या मुलीसाठी स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते, आणि ते जरूर द्यावे. तुमची मुलगी सात वर्षांची आहे, ती गाडीचे नाव वाचेल आणि ‘हुतात्मा म्हणजे काय’ असे विचारेल. तेव्हा तिला स्वातंत्र्यासाठी लढलेल्या सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांची चार नावे सांगा, १२ जानेवारी १९३१ ला त्यांना येरवड्यात फाशी दिले गेले हे सांगा, आणि परत आल्यावर चार पुतळ्यांपाशी घेऊन जा. गेल्या वर्षी हाच प्रश्न तिला पडला नसता. वाढ अशीही मोजायची असते.

यामुळेच मी नवऱ्याच्या शंकेचे उत्तर शेवटी ठेवले होते. धाकट्याला हा प्रवास मोठेपणी आठवणार नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. बहुतेक माणसांची सर्वांत जुनी टिकलेली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, आणि त्याआधीचे प्रसंग मुलाला काही काळ आठवतात पण पुढे विरून जातात. तरीही ज्या घरात आई-बाबा, आजी मुलाशी झालेल्या प्रवासाबद्दल परत परत बोलतात, ‘समुद्रापाशी खेकडा कसा पळाला रे?’ असे विचारतात आणि त्याला उत्तर जुळवायला वेळ देतात, तिथल्या मुलांच्या आठवणी जास्त टिकतात आणि गोष्ट सांगण्याची भाषाही लवकर येते. अडीच वर्षांचे मूल शब्द गोळा करण्याच्या ऐन भरात असते. नवी जागा म्हणजे त्याच्यासाठी नव्या शब्दांची रास असते. शिवाय परक्या खोलीत झोपणे, अनोळखी माणसाच्या हातून घास घेणे, आई दिसेनाशी झाली तरी ती परत येते यावर विश्वास बसणे, या गोष्टी आठवणीत राहत नाहीत, स्वभावात राहतात.

पण त्यासाठी त्याला गुहागरचीच गरज नाही, आणि इथे मी माझे खरे मत मांडते. सोलापूरपासून दीड तासाच्या आतले एखादे ठिकाण निवडा आणि दर वर्षी तिथे जा. आमच्यासाठी ते ठिकाण होते हत्तरसंग कुडल, जिथे सीना भीमेला मिळते. त्या दोन वर्षांच्या खंडानंतर आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो, आणि पुढे दर हिवाळ्यात जात राहिलो. धाकटा मुलगा पहिल्या वर्षी तीन वर्षांचा होता. त्याने फक्त पाणी पाहिले आणि तासभर दगड टाकले. पाच वर्षांचा झाला तेव्हा तो देवळाच्या पायऱ्या माझा हात सोडून चढला. तिथे एक शिवलिंग आहे, त्यावर साडेतीनशेहून जास्त मुखे कोरलेली आहेत. सहाव्या वर्षी त्याने ती मोजायला घेतली, सत्तेचाळीसपर्यंत पोहोचला आणि चुकला म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात केली. आठव्या वर्षी त्याने बहिणीला सोबत घेतले, तिने एका बाजूने आणि त्याने दुसऱ्या बाजूने मोजले. नवव्या वर्षी देवळातल्या शके ९४०च्या, म्हणजे इसवी सन १०१८च्या मराठी शिलालेखापाशी उभा राहून तो एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवत होता आणि ‘हे आपलेच अक्षर आहे का?’ असे विचारत होता. दगड तेच, नदी तीच, त्यामुळे बदललेले मूल स्पष्ट दिसले. दर वर्षी नवे ठिकाण पाहिले असते तर मी ठिकाणच पाहत राहिले असते.

तुमचे ठिकाण दुसरे असू शकेल. नान्नजच्या माळरानावर हिवाळ्यातल्या सकाळी काळविटांचे कळप दिसतात. माळढोक पक्षी दिसण्याची आशा आता मुलांना दाखवू नये, पण तो इथे होता हे सांगावे. नळदुर्गचा किल्ला आहे, विजापूरचा गोल घुमट साधारण शंभर किलोमीटरवर आहे आणि घुमटातल्या सज्जात उभे राहून हाक मारण्याइतकी मजा सात वर्षांच्या मुलीला दुसऱ्या कशात येणार नाही. हुरड्याच्या दिवसांत एखाद्या नातेवाइकाच्या शेतावर गेलात तरी चालेल. गावातल्या गावात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आहेच. संक्रांतीला नंदीध्वज पाहताना मूल एका वर्षी बाबांच्या खांद्यावर असते, काही वर्षांनी टाचा उंचावून स्वतः पाहते, आणि एके वर्षी आजीचा हात धरून तिला गर्दीतून बाहेर काढते.

यंदा कोकणात जायचे नक्की केलेच असेल तर मी अडवत नाही. कऱ्हाडला मुक्काम करा आणि घाट दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या अंगाने, हलक्या पोटी चढा. दिवस मोजके आणि ठिकाण एकच ठेवा. धाकट्याची दुपारची झोप कोणत्याही देवळासाठी किंवा किनाऱ्यासाठी मोडू नका. या वयात चोवीस तासांत अकरा ते चौदा तास झोप लागते, वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते, आणि झोप मोडलेले मूल जेवतही नाही. त्याची नेहमीची चादर बरोबर घ्या, धुतलेली नको, वापरातलीच. परक्या खोलीत घरचा वास असला की तो लवकर झोपेल. सासूबाईंना आग्रहाने सोबत न्या. त्यांना मुलांची भूक आणि झोप तुमच्याआधी कळते, आणि त्यांचा विरोध प्रवासाला नसून गेल्या वर्षीच्या त्या तीन दिवसांना आहे, असे मला वाटते. लसीकरणाचे कार्ड पिशवीत ठेवा. टायफॉइडची लस दोघांना मिळाली आहे का, हे निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी तुमच्या डॉक्टरांकडून पाहून घ्या, म्हणजे राहिली असल्यास वेळेत देता येईल.

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी दोघांची उंची वर सांगितलेल्या पद्धतीने मोजून भिंतीवर खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. परत आल्यावर लगेच वजन-उंची पाहू नका. पुढची खूण सहा महिने भरल्यावर, सकाळीच, त्याच भिंतीवर करा, आणि तेव्हा मुलगी दोन सेंटीमीटरपेक्षा कमी वाढलेली दिसली तर दोन्ही आकडे घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा.